युरोप रेल्वेने फिरायचंय? पास घेण्याआधी हिशेब करा

युरोपात रेल्वेने फिरण्यासाठी ‘युरेल पास’ मिळतो. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी तो 1959 मध्ये सुरू झाला. आज ग्लोबल पासवर 33 देशांत फिरता येतं. लंडन किंवा बर्लिनमध्ये कायम राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना मात्र ‘इंटररेल’ घ्यावा लागतो.

पास दोन तऱ्हेचे. एक सलग दिवसांचा. दुसरा फ्लेक्सी, म्हणजे महिनाभरात आपल्या सोयीचे चार, पाच किंवा सात दिवस. कुटुंबासाठी फ्लेक्सीच बरा, कारण मुलाबाळांना घेऊन रोज गाव बदलणं काही होत नाही.

खरा फायदा मुलांच्या वयात आहे. 4 ते 11 वर्षांच्या मुलांचा पास फुकट, एका मोठ्या माणसामागे दोन मुलं. पण हा पास आपल्या पासबरोबरच मागून घ्यायचा, नंतर नाही. 12 ते 27 वयाच्यांना आणि 60 च्या पुढच्यांना सवलत आहे. अब्बा-अम्मींना सोबत नेत असाल तर लक्षात ठेवा.

आता पैसे कुठे जातात ते पाहू. पास असला तरी फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची एव्हीई, इटलीची फ्रेचारोसा आणि युरोस्टार यांत सीटचं रिझर्व्हेशन सक्तीचं आहे, आणि त्याचे पैसे वेगळे. पहिल्या तिन्हींत देशांतर्गत प्रवासाला माणशी साधारण 10 ते 20 युरो, युरोस्टारला 30 च्या वर. शिवाय युरोस्टारमध्ये पासवाल्यांच्या जागा मोजक्याच असतात. पाच जणांचं कुटुंब असेल तर बजेट इथेच कोलमडतं. याउलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत थेट चढा. झुरिकहून इन्सब्रुक, साल्झबर्ग करत व्हिएन्नाला जाणारी रेलजेट घ्या: डोंगर बघत जा, रिझर्व्हेशनची सक्ती नाही. उन्हाळ्यात गर्दी असते, तेव्हा थोडे पैसे देऊन सीट पक्की केलेली चांगली.

कॉर्डोबा, ग्रॅनडा बघायची अनेकांची इच्छा असते. फक्त स्पेनच करायचा असेल तर पासच्या भानगडीत पडू नका. साधी तिकिटं महिना-दोन महिने आधी काढली तर बहुधा स्वस्त पडतात. आणि लक्झेंबर्गला गेलात तर तिथे 2020 पासून सेकंड क्लासचा प्रवास सगळ्यांनाच मोफत आहे!

पास मोबाइलवरच असतो. गाडीत चढण्याआधी तो प्रवास अ‍ॅपमध्ये नोंदवावा लागतो. टीसी क्यूआर कोड आणि पासपोर्ट बघतो. नोंद नसेल तर दंड. तीन दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावा लागतो. शहरातली मेट्रो, ट्राम बहुधा यात येत नाही.

जेवणाचं म्हणाल तर घरचा डबा गाडीत चालतो. जर्मनी, ऑस्ट्रियात मोठ्या स्टेशनांजवळ तुर्की हॉटेलं सापडतात, तरी हलाल आहे का हे विचारूनच घ्या.

पास म्हणजे व्हिसा नव्हे. शेंगेन व्हिसासाठी ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, तिथला अर्ज. दिवस सारखेच असतील तर जिथून आधी शिरणार, तिथला. लंडन जोडायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.