प्रेरणेचे पाणी माळव्याचेच

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांत एक समज मुरलेला आहे: गाणे, चित्र, कविता यांचा उगम पुण्या-मुंबईकडे, आपण इथे दूर राहून फक्त तो वारसा जपायचा. वाचकहो, हा समज किती अपुरा आहे, हे आपल्याच दोन कलावंतांनी दाखवून दिले आहे.

पहिले, विष्णु श्रीधर वाकणकर. जन्म १९१९, नीमचचा; कर्मभूमी उज्जैन. पिंड चित्रकाराचा. ‘भारती कला भवन’ त्यांनी याच नगरीत उभे केले. १९५७ साली भोपाळच्या बाजूला रेल्वेने जाताना खिडकीतून दिसलेल्या खडकांनी त्यांना ओढून नेले. तीच भीमबेटका. आज ती जागतिक वारसास्थळ आहे, आणि तिथल्या चारशेहून अधिक शैलाश्रयांत चित्रे आहेत. ते खडक आसपासच्या गावकऱ्यांना ठाऊक होते, प्रवाशांनाही रोज दिसत होते. वाकणकरांनी तिथली चित्रे आपल्या हाताने उतरवून घेतली. एकावर एक काढलेल्या आकृतींत खालची कोणती, वरची कोणती, शैली कुठे पालटली, हे निरखत त्यांनी काळाचा क्रम लावला. चित्रकाराची नजर इतिहासाच्या कामी आली.

दुसरे, कुमार गंधर्व. बेळगावकडचा हा गवई १९४८ साली क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आला. काही वर्षे गाणे बंदच होते. अंथरुणावर कानी पडत ती बायकांची माळवी गीते आणि नाथपंथीयांची निर्गुणी भजने. त्या धुना त्यांनी मन लावून ऐकल्या, टिपल्या, आणि त्यांत दडलेली रागरूपे शोधली. त्यांतून झालेले नवे राग ‘धुनउगम’ म्हणून ओळखले जातात.

खिडकीतले दर्शन क्षणाचे होते. आजार तर दैवाधीन. पण पुढची चिकाटी दोघांची स्वतःची. आपल्या विद्येचा अभिमान बाजूला ठेवून ते अनाम चित्रकारांचे आणि खेड्यातल्या बायकांचे शिष्य झाले. प्रेरणा तिथे सापडली.

पितृपंधरवड्यात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात आणि तिची गाणी म्हणतात. आपण भोंडल्याची गाणी आठवून हळहळतो, तेव्हा शेजारच्या ओटीवर हे चाललेले असते. सिमेंटच्या भिंतींवरून संजा झपाट्याने निघून चालली आहे. वाचकहो, तिचे एक तरी गाणे आपल्या घरात कोणी उतरवून घेतले आहे काय?