नाईलच्या काठाने इजिप्त पाहताना

इजिप्त म्हटले, की पिरॅमिड, स्फिंक्स आणि ममी डोळ्यांसमोर उभे राहतात. दिवाळीच्या सुट्टीत मुलाबाळांना आणि आजी-आजोबांना घेऊन निघणाऱ्या कुटुंबाच्या हाती जेमतेम आठवडा असतो. सुदैवाने या देशातील बहुतेक प्राचीन स्थळे एकाच नदीच्या दोन काठांवर वसलेली आहेत. कैरोच्या दक्षिणेस सुमारे ६५० किलोमीटरवर लक्झर, तेथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर आस्वान आणि आस्वानपासून सुमारे २८० किलोमीटरवर अबू सिंबेल असा हा मार्ग आहे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत असल्याने या दक्षिण भागाला 'वरचा इजिप्त' म्हणतात. नकाशा घेऊन बसलेल्या मुलांचा येथे हमखास गोंधळ होतो.

कैरोलगतच्या गिझा येथील खुफू राजाचा पिरॅमिड इ. स. पू. २५६०च्या सुमारास पूर्ण झाला. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती. बाहेरचे गुळगुळीत आवरण आणि टोक नाहीसे झाल्याने ती आता १३८ मीटरच्या आसपास उरली आहे. जवळजवळ ३८०० वर्षे मनुष्याने यापेक्षा उंच काही बांधले नव्हते. आतील वाट अरुंद आणि चढणीची असून काही अंतर ओणवे होऊनच जावे लागते. गुडघेदुखी किंवा दमा असलेल्यांनी हा मोह टाळलेला बरा. शेवटच्या दालनात झाकण नसलेली ग्रॅनाइटची शवपेटी तेवढी आहे. भिंतींवर चित्रे नाहीत की लेख नाहीत.

हे पिरॅमिड गुलामांनी चाबकाच्या धाकाखाली बांधले, हा समज चित्रपटांनी रुजवला. १९९०मध्ये पिरॅमिडजवळ कामगारांची दफनभूमी सापडली. तेथील सांगाड्यांत मोडून पुन्हा नीट जुळलेली हाडे आढळली. म्हणजे जखमी कामगारांवर उपचार होत होते. २०१३मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे मेरेर नावाच्या मुकादमाच्या नोंदी असलेले पपायरस हाती लागले. तुरा येथील चुनखडीचे दगड नावेतून गिझाला कसे पोहोचवले, याचा रोजचा हिशेब त्यांत आहे. मुलांना राजांच्या नावांपेक्षा या मेरेरची गोष्ट अधिक आवडते.

सक्कारा येथील झोसर राजाचा सहा टप्प्यांचा पिरॅमिड याहून जुना आहे. दीर्घ दुरुस्तीनंतर तो २०२०मध्ये पुन्हा खुला झाला. गिझाजवळचे भव्य इजिप्शियन संग्रहालय नोव्हेंबर २०२५मध्ये पूर्णपणे खुले झाले असून तुतनखामेनच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू तेथे प्रथमच एकत्र मांडल्या आहेत. राजांच्या ममी मात्र तेथे नाहीत. २०२१मध्ये त्या मिरवणुकीने कैरोतील फुस्तात भागातल्या दुसऱ्या संग्रहालयात नेण्यात आल्या. चुकीच्या दारात जाऊन हिरमुसण्यापेक्षा हे आधीच ठाऊक असावे.

लक्झरच्या पूर्व काठावर १३४ स्तंभांच्या सभामंडपाचे कर्नाक मंदिर आहे, तर पश्चिम काठावर राजांची आणि राण्यांची दरी. खरा प्रश्न उभा राहतो तो या पश्चिम काठावर. दुसऱ्या रामसेसची राणी नेफरतारी हिचे थडगे १९०४मध्ये इटालियन संशोधक स्कियापारेली यांना सापडले. तेथील भित्तिचित्रे इजिप्तमधील सर्वांत सुंदर चित्रांत गणली जातात. परंतु ज्या खडकात ते खोदले आहे, त्यात मीठ आहे. ओलावा मिळाला, की मीठ विरघळते. वाळताना त्याचे स्फटिक बनतात आणि गिलावा आतून ढकलला जाऊन चित्रासह गळून पडतो. माणसाचा प्रत्येक उच्छ्वास आणि घाम हा ओलावा आणतो. १९८६ ते १९९२ या काळात गेटी संस्था आणि इजिप्तचे पुरातत्त्व खाते यांनी सुटलेला गिलावा पुन्हा चिकटवला, चित्रे स्वच्छ केली. मात्र गळालेल्या जागी नवा रंग भरला नाही. १९९५मध्ये ते खुले झाले तेव्हा दिवसाला १५० जणांनाच प्रवेश होता. त्यानंतरही ते बंद ठेवण्याची वेळ आली आहे. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करणे शहाणपणाचे.

तुतनखामेनच्या थडग्याचीही हीच अडचण. १९२२मध्ये हॉवर्ड कार्टर यांनी शोधलेल्या या चिमुकल्या थडग्याची हुबेहूब प्रतिकृती २०१४मध्ये कार्टर यांच्या घराजवळ उभारण्यात आली. इतक्या दूर येऊन नक्कल पाहायची, ही कल्पना अनेकांना रुचत नाही. पण तेथे निवांत उभे राहून चित्रे न्याहाळता येतात आणि मूळ भिंतींवरचा भार तेवढाच हलका होतो. मूळ थडग्यात राजाची ममी अद्याप आहे.

आस्वानच्या उंच धरणाचे काम १९६०मध्ये सुरू झाले, तेव्हा अबू सिंबेलची दोन्ही मंदिरे पाण्याखाली जाणार हे स्पष्ट झाले. युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात ती करवतीने कापून सुमारे ६५ मीटर उंच जागी पुन्हा जुळवण्यात आली. मोठ्या मंदिरात २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दोन दिवशी सूर्यकिरण थेट गाभाऱ्यात पोहोचतात. तेथील चार मूर्तींपैकी प्ताह देव तेवढा अंधारातच राहतो. याच मोहिमेत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या पथकानेही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली न्युबियात उत्खनन केले होते.

मंदिरे हलली, तशी माणसेही हलली. सुमारे ५० हजार न्युबियन रहिवाशांना १९६३-६४मध्ये कोम ओम्बोजवळ वसवण्यात आले. नाईल त्यांच्या दारातून दूर गेली. नव्या वसाहतींना त्यांनी बुडालेल्या गावांचीच नावे दिली. त्यांच्या घरांचा, वस्त्रांचा आणि चालीरीतींचा परिचय आस्वानच्या न्युबिया संग्रहालयात होतो. ते १९९७मध्ये सुरू झाले. सहलींच्या कार्यक्रमात ते बहुधा नसते. त्यासाठी अर्धा दिवस पुरतो. तेवढा वेळ सहल आयोजकाकडे आधीच मागून घ्यावा.