अंदाजपत्रकातील न लिहिलेला रकाना

नव्या शहरात राहावयास जाणाऱ्या माणसाने आधी जमाखर्चाचा अंदाज बांधावा, हा सल्ला आपल्याकडे फार जुना आहे. वसतिगृहाच्या अधीक्षकाच्या पहिल्या भाषणात तो असतो, शिष्यवृत्तीच्या अर्जामागे छापलेल्या सूचनांत असतो, आणि शहाण्यासुरत्या पाहुण्याच्या तोंडी तर हमखास असतो. भाडे, खानावळ, प्रवास, कपडालत्ता, दवापाणी असे रकाने आखायचे आणि बेरीज जमेच्या आत बसवायची. मी तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. उत्पन्न जितके कमी तितका अन्नावरील खर्चाचा वाटा मोठा, हा एंगेलचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिला. नियम खरा आहे. परंतु गावकुसाबाहेरून शहरात आलेल्या माणसाच्या वहीला तो पुरा पडत नाही. त्या वहीत जमेच्या बाजूला जात बसलेली असते आणि खर्चाच्या बाजूला गावाकडचे दुसरे घर. हे दोन रकाने कोणत्याही छापील नमुन्यात नसतात. ते कसे आले, आणि शंभर वर्षांत त्यांचे काय झाले, एवढेच मला येथे तपासावयाचे आहे.

सुरुवात मुंबईपासून करणे भाग आहे. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने शहरातील कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. २,४७३ कुटुंबे आणि एकटे राहणारे ६०३ पुरुष यांचे हिशेब त्यात आहेत. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये. त्यातले शेकडा ५६.८ अन्नावर, ७.७ घरभाड्यावर, ९.६ कपड्यांवर, ७.४ जळण व दिवाबत्तीवर जात. उरलेले १८.५ ‘किरकोळ’. शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत. जवळजवळ निम्मी, म्हणजे शेकडा ४७, कर्जात होती आणि व्याजाचा सर्रास दर होता रुपयाला महिना एक आणा. एक आणा ऐकायला किती लहान वाटतो! वर्षाचे गणित केले तर तो शेकडा ७५ होतो. ह्याच अहवालाने आणखी एक तुलना केली आणि तिने त्या काळी बरीच खळबळ माजविली. कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी कामांच्या नियमांतील कमाल शिध्याइतके होते, पण मुंबईच्या तुरुंगात कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्याहून कमी होते.

हे आकडे मोलाचे आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या ताटात काय पडत होते याचा इतका नेमका पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. परंतु सरासरी ही गोष्ट मोठी फसवी. ५२ रुपयांच्या सरासरीत गिरणीतली भिंत दिसत नाही. कापड गिरणीत बरी मजुरी मिळे ती विणकाम खात्यात, आणि त्या खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. कारण काय, तर धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा तर विटाळ होई. म्हणून आमच्या माणसाने रिंग खात्यात राबावे, गोदीत ओझी उचलावीत, रेल्वेत खडी टाकावी, नाहीतर नगरपालिकेचा झाडू धरावा. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उघडपणे टाकला, तेव्हा वर्गीय एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांची पंचाईत झाली. मालकाने सूत जातीवर मोजले नव्हते, ते सहकाऱ्यांनीच मोजले होते. माझ्या विद्यार्थ्यांना मी विचारीत असे, अंदाजपत्रकाची पहिली ओळ ‘मजुरी’ असेल, तर ह्या विटाळाचे रुपये-आणे कोणत्या ओळीत मांडाल?

आता त्या ‘किरकोळ’ शब्दाकडे वळू. अहवाल लिहिणाऱ्याने तो सहज वापरला असेल. त्यात पान-विडी होती, न्हाव्याचे पैसे होते, कर्जाचे व्याज होते, आणि गावी पाठविलेले पैसेही होते. मनिऑर्डर टपाल खात्याने १८८० साली सुरू केली. तोवर पैसे कनवटीला लावून कोणीतरी गावी जाईपर्यंत थांबावे लागे. ज्याला सरकारने किरकोळ म्हटले तो आमच्या वहीतला पहिला खर्च होता. पगार झाला की आधी पोस्टाची खिडकी, मग वाणी. ह्याला केवळ माया म्हणून चालणार नाही. गिरणीतली नोकरी कायमची नव्हती; मुकादमाची मर्जी फिरली की घरी. संप झाला, साथ आली, हातपाय मोडला तर शहरात उभे राहायला जागा नव्हती. तेव्हा गावचे ते छप्पर जिवंत ठेवणे हा आपत्काळाचा विमाच होता, आणि मनिऑर्डर हा त्याचा हप्ता. शिवाय गावी मागे राहिलेल्यांवर महारकीचे काम पडत होते, ते वेगळेच. शहरातल्या पोराचे पैसे आले तर भाकरी मागण्यासाठी पाटलाच्या दारात उभे राहण्याचा एखादा दिवस तरी टळे.

हा हप्ता भागविण्यासाठी माणसांनी जे व्यवहार उभे केले त्यांची नोंद अर्थशास्त्रात नाही. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घ्यायची, भाडे डोईवर वाटून घ्यायचे. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, एक वळकटी. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. जेवण खानावळवालीकडे; ती बहुधा त्याच मुलखातली, विधवा किंवा नवरा कामावरून सुटलेली. तिची वही पगाराच्या दिवशी उघडे, म्हणजे महिनाभर ती आपल्या पदरचे पीठमीठ घालून वीस-पंचवीस पुरुषांना उधार जेवू घाली. बँका ज्याला भांडवल म्हणतात ते ह्या बाईकडे होते की नव्हते, याचा विचार कोणी केला नाही. कावाखान्यातील बायाबापड्यांनी कागद-चिंध्या वेचून संसार कसा ओढला, ते दया पवारांच्या ‘बलुतं’मुळे १९७८ साली पांढरपेशा वाचकाला कळले. आपल्याला ते आधीपासून ठाऊक होते.

खुद्द बाबासाहेबांचे चरित्रही जमाखर्चाच्या अंगाने वाचून पाहण्यासारखे आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले ते बडोदे सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्या वेळच्या दराने हे सुमारे ५६ डॉलर. वडील त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत वारले होते. मागे परळच्या चाळीत रमाबाई, तान्हा यशवंत आणि भावाचा संसार. शिष्यवृत्ती देणाऱ्याने एका विद्यार्थ्याचा खर्च मोजला होता. घेणाऱ्याला दोन घरे चालवायची होती. त्यातूनच काटकसर करून घरी पैसे जात, आणि त्यातूनच जुन्या बाजारातली पुस्तके विकत घेतली जात.

परंतु माझ्या मते सर्वांत बोलका हिशेब बडोद्याचा आहे. १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब तेथे नोकरीवर रुजू व्हायला निघाले. प्रवासाला पैसे कोठून आले? महायुद्धात बोटीबरोबर बुडालेल्या सामानाची सहाशे रुपये भरपाई मिळाली होती, तीतून. म्हणजे पुस्तके बुडाली तेव्हा भाडे निघाले. बडोद्यात पोचल्यावर हिंदू हॉटेलात राहणे शक्य नव्हते. एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव नोंदवून, रोजी दीड रुपयात राहण्याजेवण्याची सोय झाली. नव्या शहरातला त्यांचा अंदाज येथवर बरोबर होता. नोकरी होती, भाडे ठरले होते, ऐपत होती. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. एक हिंदू स्नेही आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही सबबी सांगितल्या. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत कोलंबियाचा हा पदवीधर कामाठी बागेत बसून राहिला. आणि त्यांना उमेदवारी कोणत्या कचेरीत मिळाली होती? अकाउंटंट जनरलच्या! संस्थानचा पैन् पै हिशेब जेथे होत होता तेथेच हा एक हिशेब जुळत नव्हता. खिशात भाडे असून खोली न मिळणे ही तंगी कोणत्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात सांगितली आहे?

पुढे लंडनचा काळ आला. सिडनहॅम कॉलेजच्या ४५० रुपये पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून कर्जाऊ घेतलेले पाच हजार, एवढ्या बळावर १९२० साली ते पुन्हा विलायतेला गेले. रात्री भूक लागली की कोणी दिलेले पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे, हे सर्वांच्या वाचनात आलेले आहे. पण त्या पापडाचे पुष्कळ कौतुक झाले आणि त्याच वेळी टेबलावर चाललेल्या कामाकडे दुर्लक्ष झाले, असे मला वाटते. ते काम रुपयाच्या मूल्यावरचे होते. ग्रंथ १९२३ च्या अखेरीस निघाला. रुपयाची किंमत उतरली की व्यापाऱ्याला नफा होतो असे दिसते, पण तो येतो मजुरी करणाऱ्याच्या खिशातून, कारण महागाई पुढे पळते आणि मजुरी मागून रखडत येते, असे त्यांनी पुढे चलन आयोगापुढेही मांडले. भुकेचा आणि विनिमय दराचा संबंध त्यांना पुस्तकात शोधावा लागला नाही.

त्यानंतर शिकायला शहरात येणाऱ्यांची रीघ लागली. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. मिलिंद महाविद्यालय १९५० साली. मी स्वतः सत्तरच्या दशकात त्या वेळच्या औरंगाबादेत एका वसतिगृहात राहून शिकलो. आमची मेस आम्हीच चालवीत होतो. प्रवेश जुलैत व्हायचा आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता संक्रांत उलटल्यावर यायचा. मधले सहा महिने किराणा दुकानदाराच्या खात्यावर. रोखीचा भाव एक, खात्याचा भाव दुसरा. डाळीमागे चार-दोन आण्यांचा फरक पडे. १९२१ च्या त्या एक आणा व्याजाचेच हे धाकटे भावंड. हप्ता आला की आधी मेस, मग दुकानदार, आणि उरतील त्या रुपयांची मनिऑर्डर. एकदा एका कारकुनाने आमच्यातल्या एकाला दटावले, ‘शिष्यवृत्ती शिक्षणासाठी असते, घरी पाठविण्यासाठी नसते.’ तो मुलगा म्हणाला, ‘साहेब, घरी नाही पाठवले तर बाप मला परत बोलवील. मग शिक्षण कुठलं?’ कारकुनाकडे उत्तर नव्हते आणि नमुन्यात रकाना नव्हता.

२०१६-१७ साली महाराष्ट्र शासनाने वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आणली. दिशा योग्यच होती. पैसे थेट मुलाच्या खात्यावर. सुरुवातीला मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. भागाकार करून पाहा. जेवणाला रोजचे ८८ रुपयेही पडत नाहीत आणि निवासाला महिन्याचे १,६६७. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा, तो हसेल. मुख्य म्हणजे घरमालक भाडे दर महिन्याला मागतो आणि हप्ता शासनाच्या सवडीने येतो. तो वेळेवर मिळावा म्हणून विद्यार्थ्यांना मोर्चे काढावे लागले आहेत. आणि खोली बघायला गेल्यावर आडनाव विचारण्याची पद्धत बडोद्याबरोबर संपली, असे कोणी म्हणत असेल तर त्याने आमच्या मुलांबरोबर एक दिवस हिंडून पाहावे. आडनाव ऐकून खोली ‘आत्ताच गेली’ असे चार ठिकाणी कळले की पाचव्या ठिकाणी मिळते ती लांबची, नाहीतर महाग. तो फरक प्रवासखर्चात लिहायचा की भाड्यात, हे शासनाच्या परिपत्रकाने सांगितलेले नाही.

शिक्षक आणि कार्यकर्त्या मित्रांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरांतील जुन्या पत्र्याच्या पेट्या उघडा. मनिऑर्डरच्या पावत्या, गिरणीच्या पगाराच्या चिठ्ठ्या, खोलीच्या भाडेपावत्या, मेसच्या वह्या, खानावळवालीच्या हातच्या रेघोट्या, जे सापडेल ते कसरीच्या तावडीतून सोडवा, तारखा-गावे लिहून ठेवा. आज शिकणाऱ्या मुलामुलींनाही वर्षभराचा खरा हिशेब मांडायला सांगा, आणि त्यात ‘घरी पाठविले’ व ‘खोली नाकारली’ असे दोन रकाने पहिल्याच पानावर आखून द्या. योजनेचे दर पुढच्या वेळी ठरतील तेव्हा तो ढीग मंत्रालयातल्या टेबलावर नेऊन ठेवता येईल.