आधी रंग, मग होडी

गणपतीच्या कारखान्यात मूर्ती आधी साच्यातून निघते, रंगकाम नंतर. डोळ्यांची आखणी तर अगदी शेवटी. फायबरच्या होडीचं सगळं उलटं. तिथे आधी रंग आणि मग होडी. साच्याला आरशासारखी पॉलिश करायची, वर मेण घासायचं आणि त्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर जेलकोट मारायचा, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेलं दाट पॉलिएस्टर रेझिन. मग थांबायचं.

किती थांबायचं, ते बोट सांगतं. थराला पेर टेकवलं, चिकट लागलं, पण बोटाला रंग आला नाही, की रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची चटई अंथरायला घ्यायची. घाई केली तर वरच्या रेझिनमधलं स्टायरिन कच्च्या जेलकोटला सुरकुत्या पाडतं. तो दोष साच्यातून होडी सुटल्यावरच दिसतो, तेव्हा कपाळाला हात लावण्यापलीकडे काही उरत नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलेडो शहरात, रे ग्रीन याने 1942 साली काचतंतू आणि पॉलिएस्टरची छोटी होडी केली. पण हा माल खऱ्या अर्थाने बाजारात रुळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. 1959 च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये पिअर्सन बंधूंनी कार्ल अल्बर्गने आखलेली 28 फुटी ‘ट्रायटन’ मांडली. किंमत दहा हजार डॉलरच्या आत. तिथल्या तिथे 17 होड्यांची मागणी नोंदली गेली. लाकडी होडीची सांधभरणी नको, दरवर्षीचं रंगकाम नको, गिऱ्हाईक भुलणारच! जेलकोटची चकाकी जन्माची, असाच समज झाला.

पुढे होड्या पाण्याबाहेर ओढल्यावर तळाला फोड दिसू लागले. फोडला की आतून आंबूस वासाचं पाणी यायचं. जेलकोट पाणी अडवतो, पण पुरतं नाही. थेंबाथेंबाने आत झिरपलेल्या पाण्यात रेझिनमधली विद्राव्य द्रव्यं विरघळतात, ते द्रावण आणखी पाणी ओढून घेतं आणि आतला दाब वाढत जातो. कोमट गोड्या पाण्यात हा त्रास जास्त. ऱ्होड आयलंड विद्यापीठातल्या रॉकेट आणि रोझ यांनी 1987 साली या फोडांच्या कारणांवर सविस्तर अहवाल दिला. पाण्याला फारशी दाद न देणारी आयसोफ्थॅलिक आणि व्हिनाइलएस्टर रेझिनं होड्यांच्या कारखान्यांत रुळली.

जुन्या होड्यांचा इलाज मात्र अंगमेहनतीचा. तळाचा जेलकोट खरवडायचा, तळ धुवायचा, महिनोन्‌महिने वाळवायचा, मग इपॉक्सीचे थर चढवायचे. आणि या खेपेला रंग सगळ्यात शेवटी, बाहेरून, गणपतीसारखा.