रॉबिन अँड द सेव्हन हूड्स

रॉबिन अँड द सेव्हन हूड्स : (१९६४). टोळीवाल्यांच्या वैराचे प्रहसन करणारा अमेरिकन संगीत-बोलपट. वॉर्नर ब्रदर्सने वितरित केलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन गॉर्डन डग्लस यांनी केले, पटकथा डेव्हिड आर. श्वार्ट्‌झ यांनी लिहिली आणि निर्माता व नायक या दोन्ही नात्यांनी फ्रँक सिनात्रा पुढे होते.

रॉबिन हूडची इंग्रजी लोककथा उचलून दारूबंदीच्या अमलातील शिकागोत नेऊन ठेवणे, ही या कृतीची मूळ कल्पना होय. टोळीनायक बिग जिम याचा त्याच्याच वाढदिवसाच्या मेजवानीत वध होतो. ‘लिटल सीझर’ (१९३१) मधील टोळीवाल्यामुळे अजरामर झालेल्या एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनाच या अल्प भूमिकेसाठी निवडून, जुन्या गुन्हेगारीपटांच्या गांभीर्याचीही जणू तेथेच वासलात लावलेली आहे. बिग जिमच्या गादीवर हक्क सांगणारा गाय गिझबोर्न (पीटर फॉक) आणि त्याचे वर्चस्व नाकारणारा रॉबो (सिनात्रा) परस्परांचे जुगारी अड्डे उद्‌ध्वस्त करतात. मृताची कन्या मॅरियन (बार्बरा रश) हिने सूडाचे पारितोषिक समजून दिलेले ५०,००० डॉलर, आपण खून केलेलाच नसल्यामुळे, रॉबोला नकोसे होतात. ते अनाथाश्रमाला पोहोचतात, आश्रमाचा कारभारी अ‍ॅलन ए. डेल (बिंग क्रॉस्बी) त्याचा गाजावाजा करतो, आणि टोळीवाल्याची दानशूर म्हणून कीर्ती पसरते. परोपकाराची प्रसिद्धी हेही सत्तेचे, आणि पुढे खोट्या नोटांच्या व्यवहाराचे आच्छादन ठरू शकते, हा या चित्रपटातील उपहासाचा खरा रोख आहे. झडतीच्या वेळी जुगाराचा अड्डा क्षणार्धात मद्यपाननिषेधाच्या प्रार्थनासभेत पालटतो, तो प्रसंग या दंभाचे मूर्तिमंत रूप म्हणावा लागेल.

सिनात्रा, डीन मार्टिन व सॅमी डेव्हिस (ज्युनिअर) हे तिघे त्या दशकात चित्रपटात एकत्र आले ते येथेच अखेरचे. डेलची भूमिका प्रथम राष्ट्राध्यक्ष केनेडींचे मेहुणे पीटर लॉफर्ड यांच्याकरिता योजली होती. परंतु १९६२ मध्ये केनेडी सिनात्रांकडील मुक्काम टाळून क्रॉस्बींच्या घरी उतरले, तेव्हा सिनात्रांनी लॉफर्ड यांच्याशी संबंध तोडला आणि कालांतराने ती भूमिकाही क्रॉस्बींकडेच गेली. चित्रीकरण चालू असतानाच नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली व डिसेंबरात सिनात्रांच्या पुत्राचे अपहरण झाले.

सॅमी कान व जिमी व्हान ह्यूसेन यांच्या गीतांपैकी ‘माय काइंड ऑफ टाउन’ला, तसेच नेल्सन रिडल यांच्या संगीतयोजनेला ऑस्करचे नामांकन लाभले. कथानक काही ठिकाणी रेंगाळते. तथापि खटल्यातून निर्दोष सुटलेला रॉबो न्यायालयाबाहेर ‘माय काइंड ऑफ टाउन’ हे जे शिकागोस्तवन गातो, ते चित्रपटाहूनही दीर्घायुषी ठरले आहे.