लाकूड मुलासाठी की मूल लाकडासाठी?

आजचा भाग शाळेतल्या सुतारकामाचा आहे. म्हणजे सुताराच्या घरात बापाकडून मुलाकडे येणारं काम नव्हे, तर ज्याच्या घरात कुणी कधी रंधा धरलेला नाही अशा मुलाला शाळेत शिकवलेलं. आपल्याकडे सुतार बलुतेदारांपैकी एक, आणि जातीचं काम जातीतच. ख्रिस्ती लोकांकडे मात्र एक वेगळी सोय होती. त्यांचा येशूच सुताराच्या घरातला! त्यामुळे पाद्र्यांच्या शाळेत लाकडाला हात लावणं कमीपणाचं आहे, असं कुणाला म्हणता येईना. पण ते शिकवायचं कशासाठी, यावर त्यांच्यातही एकमत नव्हतं. आणि आजचा सगळा भाग त्याच प्रश्नाचा आहे.

सुरुवात फिनलंडपासून करू. ऊनो सिग्नेयस हा लुथरन पाद्री, जन्म १८१०चा. १८४० ते ४५ तो अलास्कातल्या सिट्का गावी होता. तेव्हा तो मुलूख रशियाचा होता, आणि फिनलंडही झारच्याच ताब्यात. पुढे त्याने पेस्टालोझी आणि फ्रोबेल वाचले, युरोपातल्या शाळा हिंडून पाहिल्या. १८६३मध्ये युवास्कुला गावी फिनिश भाषेतून शिक्षक तयार करणारी संस्था निघाली, तिचा प्रमुख हाच. १८६६च्या कायद्याने तिथल्या लोकशाळांमध्ये हस्तकाम हा रीतसर विषय झाला. त्याचं म्हणणं साधं होतं: मला सुतार घडवायचे नाहीत. मुलाची नजर आणि हात तयार व्हावेत, म्हणून लाकूड. आणि म्हणूनच हा विषय बाहेरच्या कारागिराने नव्हे, शाळेच्या शिक्षकानेच शिकवायचा.

ही गोष्ट जगभर पोचवली ती ओटो सालोमनने. हा स्वीडनचा, ज्यू घराण्यातला. पाद्र्याची कल्पना ज्यू माणसाने पसरवली, हे मला फार आवडतं. त्याचे मामा की काका – इंग्रजी पुस्तकं दोघांनाही ‘अंकल’च म्हणतात, तेव्हा ते सोडून देऊ – ऑगस्ट अब्राहमसन, मोठे व्यापारी. नेस इथल्या त्यांच्या इस्टेटीवर सालोमन मुलांची शाळा चालवायचा. आधी तिथे धंदाच शिकवायचे. १८७७मध्ये तो सिग्नेयसला भेटायला गेला, आणि परत आला तो विचार बदलून. मग नेसला ‘स्लॉइड’ नावाची पद्धत आकाराला आली. देशोदेशीचे शिक्षक ती शिकायला यायला लागले.

आता ती पद्धत ऐका, कारण खरी मजा तिथेच आहे. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात करवत नाही, रंधा नाही, पटाशीही नाही. चाकू! का? तर चाकू त्याने घरी पाहिलेला असतो, त्याची भीती नसते. चाकूने करायचं काय? एक छोटी काडी तासायची. बस. मग थोडी अवघड वस्तू, त्यात एकच नवीन कसब. मग आणखी एक. अशी वस्तूंची साखळीच ठरलेली. कुंडीतल्या झाडाला आधार द्यायची काठी येते, चमचा येतो. चमच्याला बाहेरून गोलाई आणि आतून खोलगटपणा. ज्याने केलाय त्यालाच कळतं ते काय प्रकरण असतं! शोभेच्या वस्तू नाहीत. जे घरी वापरता येईल तेच करायचं. सगळ्या वर्गाने एका तालात चालायचं असंही नाही, ज्याची काडी झाली तो पुढे जाईल. आणि शिक्षकासाठी एक कडक नियम: दाखवा, सांगा, पण मुलाच्या वस्तूला स्वतः हात लावून ती सुधारून देऊ नका. वाकडी तर वाकडी, पण त्याची.

आता त्याच काळातली अमेरिका. सॅम्युअल आर्मस्ट्राँग हा हवाईत मिशनऱ्यांच्या घरी जन्मलेला. तिथे हिलो गावी मिशनची एक वसतिशाळा १८३६पासून चालू होती, मुलांनी काम करायचं आणि शिकायचं. ते आर्मस्ट्राँगच्या डोळ्यांसमोर होतं. यादवी युद्धात त्याने काळ्या सैनिकांच्या तुकडीचं नेतृत्व केलं, आणि १८६८मध्ये मिशनच्या मदतीने व्हर्जिनियात हॅम्प्टनची संस्था काढली, गुलामीतून सुटलेल्यांसाठी. बुकर टी. वॉशिंग्टन तिथलाच विद्यार्थी. पुढे १८७९मध्ये तिथे रात्रशाळा निघाली आणि ती त्याच्याकडे सोपवली गेली. त्यानेच आत्मचरित्रात लिहिलंय: मुलांनी दिवसा दहा तास संस्थेच्या लाकूड-कापणी गिरणीत राबायचं, मुलींनी धुलाईखान्यात, आणि रात्री दोन तास शिकायचं. मजुरीचा बराचसा भाग संस्थेकडे जमा, पुढे दिवसाच्या शाळेत गेल्यावर खर्चाला.

वॉशिंग्टन हे अभिमानाने सांगतो. त्याच्या अभिमानाला मी हसणार नाही. त्या मुलांकडे पैसे नव्हते, दुसरं दार उघडं नव्हतं, आणि दहा तास राबूनही ती रात्री पुस्तक उघडून बसत होती. पण गिरणीत दहाव्या दिवशी जे कळलं, त्याहून शंभराव्या दिवशी जास्त काय कळणार? फळ्या गिरणीच्या. नेसला मूल काडी करायचं, इथे फळी मुलाला वापरत होती, असं मी म्हणेन. १९०३मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइसने वॉशिंग्टनच्या एकूण धोरणावर टीका केली ती याच अंगाने: हाताच्या शिक्षणाच्या नावाखाली वरच्या शिक्षणावरचा आणि हक्कांवरचा दावा सोडला जातोय.

आता तुम्ही म्हणाल, आपला यात काय संबंध? आहे. १८९५मध्ये पंचवीस वर्षांचा एक गुजराती वकील नाताळमधल्या मारियानहिल मठात गेला. ट्रॅपिस्ट साधू मांस खात नाहीत, म्हणून मुख्यतः त्या कुतूहलाने. तिथे त्याला सुतारकाम, लोहारकाम, चामड्याचं काम स्थानिक लोकांना शिकवलं जाताना दिसलं, आणि त्याने लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’मध्ये त्यावर लेख लिहिला. हे गांधीजी. १९१०मध्ये टॉलस्टॉय फार्म सुरू झाला, तेव्हा कालेनबाख ट्रॅपिस्ट मठातच जाऊन चपला करायला शिकून आले. त्यांना सुतारकाम थोडंफार येत होतंच, आणखी एकालाही यायचं. मग फार्मवर सुतारकामाचा लहानसा वर्ग भरू लागला. नियम असा, की शिक्षक जे स्वतः करत नाही ते मुलाला सांगायचं नाही.

आणि मग वर्धा, ऑक्टोबर १९३७. मुलांच्या हस्तोद्योगातूनच शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची सूचना परिषदेपुढे होती. के. टी. शहा तिथेच विरोधात उभे राहिले: शाळेतली मुलं माल करू लागली तर कारागिरांशी स्पर्धा होईल. झाकिर हुसेन समितीने मग जो अभ्यासक्रम आखला, त्यात सूतकताईबरोबर सुतारकामही होतं. पण अहवालात समितीनेच एक भीती लिहून ठेवली: शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिकवणं बाजूला राहील. समितीला हॅम्प्टनची गिरणी डोळ्यांसमोर होती असा माझा दावा नाही. पण वर्ध्याचं ते पान वाचताना मला तरी ती दिसते.