सनईची निगा कशी राखावी?

शिर्डीचे तीन मोठे उत्सव तीन वेगळ्या हवेत येतात: चैत्रात रामनवमी, आषाढात गुरुपौर्णिमा, आश्विनात दसरा. सनई तिन्हींत शोभते, पण प्रत्येक हवा तिला मानवतेच असे नाही.

सनईची नळी लाकडाची, बहुधा शिसवी, आणि तोंडाची पत्ती गवताची. वाजवताना श्वासाचा ओलावा आत साचतो. म्हणून वादन संपताच पत्ती काढा, नळी आतून मऊ सुती कापडाने पुसा आणि सावलीत वाळू द्या. पावसाळ्यात ओली सनई पेटीत बंद केली की बुरशी धरतेच. चैत्रात उलटे: तापलेल्या गाडीत राहिलेले लाकूड तडकू शकते. सूर जुळवायला खालच्या छिद्रांत मेण भरतात. तेही उन्हात मऊ पडते आणि सूर सरकतो.

तेलाचा हात अगदी हलका, तोही कोरड्या लाकडालाच. तडा गेला तर घरी डिंक-गोंद लावत बसू नका, कारागिराकडे न्या. पत्तीला मात्र तेल नकोच. वाजवण्याआधी ती तोंडात धरून ओली करतात. ती नाजूक असते, केव्हाही चिरते. म्हणूनच वादक जादा पत्त्या दोऱ्याने सनईलाच बांधून ठेवतात.